सिस्टरची पहिली क्वेरी

“पोपट चावला तर त्यालाही नंबर आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि मागच्या बाकावरची दोन पोरं खुसखुसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी वहीत ‘पोपट’ लिहिलं, पुढे नंबर लिहिला आणि खाली पट्टीने रेघ मारली.

दर शनिवारी दुपारी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, मीटिंगच्या खोलीत हा वर्ग भरायचा. विम्याच्या कामाचा वरचा कोर्स. आजाराला नंबर, ऑपरेशनला नंबर, माणूस पडला तर जिन्यात पडला की न्हाणीघरात त्यालाही नंबर. हे नंबर नीट लागले तरच विमा कंपनी उपचाराला मंजुरी देणार. वर्गात सगळी विशी-पंचविशीतली मुलं, मॅडमसुद्धा जेमतेम तिशीच्या. चौपन्न वर्षांच्या एकट्या सिस्टरच. तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर एका पेशंटला सावरताना त्यांचा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. मग ऑफिसने त्यांना तिसऱ्या मजल्यावर, विम्याच्या खोलीत बसवलं. युनिफॉर्म सुटला, ‘सिस्टर’ हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कोर्स पास झालात तर खुर्ची कायम, नाहीतर बघू, असं ऑफिसने गोड शब्दांत सांगितलं होतं. ‘बघू’ म्हणजे काय ते न कळण्याइतक्या सिस्टर खुळ्या नव्हत्या.

त्यांच्या आधी त्या खुर्चीवर जे गृहस्थ बसायचे त्यांना सगळं हॉस्पिटल मोघमकाका म्हणायचं. पोटातलं काहीही असो, काका ‘पोटाचा विकार’ लिहून मोकळे. वीस वर्षांचं दुखणं असलं तरी ‘जुना त्रास’. त्यांच्या फायली परत यायच्या, काका पानाने रंगलेल्या तोंडाने हसायचे आणि त्याच फायली तशाच पुन्हा पाठवायचे. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना हार घातला आणि सुटकेचा श्वास सोडला.

“मोघम म्हणजे कामचुकारपणा,” मॅडम फळ्यावर लिहीत म्हणाल्या. “डॉक्टरांनी अर्धवट लिहिलं असेल तर अंदाज बांधायचा नाही. सोडून द्यायचं नाही. लेखी विचारायचं. त्याला म्हणायचं क्वेरी. आणि प्रश्न असा विचारायचा की उत्तर डॉक्टरांच्या तोंडात कोंबल्यासारखं वाटता कामा नये. कळलं?”

सिस्टरना कळलं, आणि मनापासून पटलंही. मोघमपणाचा त्यांना जन्मजात तिटकारा. ताप ‘थोडा’ आहे असं सांगणाऱ्या शिकाऊ पोरींना त्यांनी वॉर्डात रडवलेलं होतं.

घरी नवरा सकाळी चहाचा कप हातात धरून त्यांची उजळणी घ्यायचा. तो निवृत्त बसड्रायव्हर, चष्मा नाकाच्या टोकावर आणून पुस्तकातलं काहीतरी अवघड शोधायचा.

“डावं मनगट. शिडीवरून पडून मोडलं. सांग.”

सिस्टर नंबर सांगायच्या.

“बरोबर! अगं, तू वॉर्डात होतीस तेव्हा माणसांची नावं विसरायचीस. आता बघ. तुरुंगातसुद्धा कैद्याला एकच नंबर असतो, तू एकेकाला चार-चार देतेस.”

“चहा गार होतोय तुमचा,” सिस्टर म्हणायच्या. पण त्यांना आतून बरं वाटायचं. या वयात डोकं चालतंय याचा आनंद काही वेगळाच असतो, आणि तो त्या कुणापाशी बोलून दाखवत नसत.

अशातच लिफ्टमामा ॲडमिट झाले.

मामांनी एकतीस वर्षं हॉस्पिटलची लिफ्ट चालवली होती. सगळ्यांना ते मामा, त्यांची बायको मामी. स्ट्रेचर दिसलं की लिफ्टमध्ये कुणी का असेना, मोठे साहेब असले तरी मामा त्यांना बाहेर काढायचे. सिस्टरचे कितीतरी पेशंट मामांनी अशा वाचवलेल्या चार-पाच मिनिटांवर जगले होते. तीन वर्षांपूर्वी मामा निवृत्त झाले, तेव्हा हॉस्पिटलकडून मिळणारं विम्याचं संरक्षण संपलं, म्हणून मुलीने दोन वर्षांपूर्वी त्यांचा विमा उतरवला होता. आता छातीत दुखलं, तपासणी झाली, आणि हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. ऑपरेशन याच आठवड्यात व्हायला हवं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं.

सिस्टर खाली वॉर्डात जाऊन आल्या.

“सिस्टर, तुम्ही वर बसलाय म्हटल्यावर मी निवांत आहे बघा,” मामा उशीला टेकून म्हणाले. “मी लिफ्ट चालवायचो, आता तुम्ही आमची फाईल चालवा.”

“एका दिवसात चालवते,” सिस्टर म्हणाल्या.

मामांची फाईल त्यांनी स्वतःकडे घेतली. सगळं जागच्या जागी होतं, फक्त दाखल करतानाच्या कागदावर शिकाऊ डॉक्टरने एका कोपऱ्यात खरडलं होतं: ‘शुगर, जुनी.’

जुनी म्हणजे किती जुनी? सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. मोघमकाका असते तर त्यांनी ते दोन शब्द तसेच पुढे ढकलले असते. सिस्टरनी क्वेरीचा कोरा फॉर्म काढला. आयुष्यातली पहिली क्वेरी. आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिली, मग सुवाच्य अक्षरात उतरवली. मधुमेह किती वर्षांपासून? इन्सुलिन चालू आहे का, असल्यास कधीपासून? मधुमेहामुळे शरीराच्या इतर कुठल्या भागावर परिणाम झाला आहे का? तीन प्रश्न, एकातही उत्तर कोंबलेलं नाही. फाईल अशी बिनचूक जाईल की कंपनीला बोट ठेवायला जागा राहणार नाही, आणि मामांची मंजुरी उद्या सकाळी टेबलावर असेल, असं त्यांना वाटलं.

तासाभरात उत्तर आलं. शिकाऊ डॉक्टरने या वेळी मन लावून लिहिलं होतं. मधुमेह बारा वर्षं. इन्सुलिन चार वर्षं. दोन्ही पाय घोट्यांपर्यंत बधिर. सिस्टरनी जिथे एक नंबर लागला असता तिथे तीन लावले, उत्तराचा कागद जोडला आणि फाईल कंपनीला पाठवायचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीचा नकार आला. विमा उतरवताना भरलेल्या फॉर्मवर मधुमेहापुढे ‘नाही’ अशी खूण होती. विमा दोन वर्षांचा, आजार बारा वर्षांचा. माहिती लपवली म्हणून मंजुरी नाही, आणि विमाही रद्द.

सिस्टरनी तो कागद तीनदा वाचला. मग खाली गेल्या.

“फॉर्म एजंटने भरला हो,” मामी रडवेल्या झाल्या. “तो म्हणाला इथे सही करा, यांनी केली. यांना काय ठाऊक कुठे काय खूण केलीय!”

सिस्टरनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार अदबीने बोलली. “मॅडम, आम्ही आमच्या मनाने काहीच म्हणत नाही. तुमच्याच हॉस्पिटलचं लेखी उत्तर आहे. तुमच्याच प्रश्नाला.”

त्या शिकाऊ डॉक्टरकडे गेल्या. काय मागायचं ते ओठांपर्यंत आलं होतं. त्यानेच त्यांच्याकडे पाहिलं आणि तो गोंधळला. “सिस्टर, पेशंटने सांगितलं तेच मी लिहिलं. आता खोडू का मी ते?”

तीस वर्षांत चार्टवरचा एक आकडा त्यांनी कधी खोडला नव्हता. “नको,” त्या म्हणाल्या, आणि तो ‘नको’ म्हणताना आपण मामांचं काय करतोय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी त्यांनी मोघमकाकांना फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा हसरा नव्हता.

“बाई, त्या फायली परत यायच्या ना, त्या मी मुद्दाम येऊ द्यायचो. परत आलेली फाईल पुन्हा पाठवता येते, कधीतरी मंजूर होते. पण विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही.”

“मग हे मला कुणी का नाही सांगितलं?”

“मला तरी कुणी सांगितलं होतं?”

सिस्टर त्या रात्री जेवल्या नाहीत. नवऱ्याने पुस्तक उचललं, त्यांचं तोंड पाहिलं आणि ते परत फडताळात ठेवून दिलं.

शनिवारी मॅडमनी वर्गात पडद्यावर एक कागद दाखवला. पेशंटचं नाव झाकलेलं होतं, पण अक्षर सिस्टरचं. “याला म्हणतात आदर्श क्वेरी! तीन प्रश्न, एकही सुचवणारा नाही. शिका काहीतरी सिस्टरांकडून.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. सिस्टरना उठून ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? मॅडमचं चुकलं नव्हतं, डॉक्टरचं चुकलं नव्हतं, कंपनीचा कागदही खोटा नव्हता. सगळे बरोबर होते आणि माणूस तेवढा खाली पडून होता.

ऑपरेशनचा खर्च पदरचा भरणं घरच्यांना शक्य नव्हतं, म्हणून सोमवारी मामांना घरी सोडायचं ठरलं. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं होतं, तिथली तारीख सात महिन्यांनंतरची मिळाली. हे हृदय सात महिने दम धरेल का, असं मामींनी विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर छताकडे पाहू लागले. दुपारी मामांची फाईल शेवटचे नंबर लावायला वर आली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘ऑपरेशनला रुग्णाची तयारी नाही.’

काहीतरी लिहावं लागतं, म्हणून डॉक्टर असंच लिहितात. त्यालाही नंबर आहे: ऑपरेशन झालं नाही, कारण रुग्णाचा निर्णय. सिस्टरनी कोरा फॉर्म ओढला आणि लिहिलं, ‘तयारी नक्की कुणाची नव्हती?’ मग तो फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकला, कारण त्याचं उत्तर कुणी देणार नव्हतं. पानावर जे लिहिलंय त्याचा नंबर त्यांनी लावला. नंबर बरोबर लागला.

तेवढ्यात दारात मामा उभे. मामी पिशव्या घेऊन मागे.

“म्हटलं जाताना भेटून जावं,” मामा धापा टाकत खुर्चीत टेकले. “तुम्ही लई धावपळ केलीत असं कळलं.”

सिस्टरना राहवलं नाही. “मामा, ते मीच विचारलं. शुगर किती वर्षं, पाय कसे आहेत, ते सगळं. मी विचारलं नसतं तर तुमचं ऑपरेशन झालं असतं.”

मामींनी मान फिरवली. मामा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“तो पोरगा डॉक्टर माझ्या खाटेवर बसला होता,” ते म्हणाले. “पायांचं विचारलं त्याने. आजवर कुणी विचारलं नव्हतं बघा. मीपण मग सगळं सांगितलं, अगदी वर्षं मोजून. मला वाटलं, चला, आता पायांचंही बघतायत.” मग ते सिस्टरकडे पाहून थोडं हसले. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

सिस्टरनी मान हलवली.

मामा उठले आणि भिंतीला हात लावत निघाले. ते लिफ्टजवळ पोचले तेव्हा सिस्टरना दिसलं, उंबऱ्यापाशी त्यांची उजवी चप्पल पडली होती. पायातून निसटली होती आणि मामा तसेच गार फरशीवर चालत गेले होते. सिस्टरनी हाक मारली नाही. चप्पल उचलून त्या मागे गेल्या, मामांना बाकावर बसवलं आणि समोर गुडघे टेकून बसल्या. पाऊल हातात घेतलं. थंडगार होतं. टाच, कडा, बोटांच्या बेचक्या, सगळं त्यांनी वॉर्डातल्यासारखं निरखून पाहिलं. कुठे जखम नव्हती. मग आपला अंगठा त्यांच्या तळव्याजवळ नेला.

“कळतंय का, मामा?”

मामा त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“कळतंय की,” ते म्हणाले.

सिस्टरनी अजून दाबलं नव्हतं.