गावाविरुद्ध जिल्दास

“जिल्दासला एक गोल करू देऊ,” सॉसेजची टोपली माझ्या टपरीच्या खिडकीत ठेवत जोएल खाटीक म्हणाला, “पण आपले दोन झाल्यावर. पाहुण्याचा मान म्हणून.”

“पाहुणा कशाने झाला तो? माझा सख्खा भाऊ आहे.”

“आज पाहुणाच, आनिक. उद्याचं उद्या बघू.”

जोएल आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्षही आहे, त्यामुळे रविवारी त्याच्या बोलण्याला जरा वजन येतं. मी मैदानाच्या कडेला धिरड्यांची टपरी चालवते. कुट्टूच्या पिठाचं काळसर धिरडं, आत भाजलेलं सॉसेज, धरायला कागद. आमच्या पोरांना हरताना मी कितीतरी वर्षं तव्यामागूनच पाहत आले आहे. यंदा काय झालं कोण जाणे, फ्रेंच कपात आम्ही एकेक फेरी जिंकत गेलो, आणि पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आमच्यासमोर नाव आलं जिल्दासच्या क्लबचं. या कपात लहानाच्या दारात मोठ्याने यायचं असतं. म्हणून पगारी खेळाडूंची भलीमोठी बस आमच्या चर्चमागच्या चिखलात येऊन उभी राहिली.

जिल्दास चौदाव्या वर्षी घर सोडून फुटबॉलच्या निवासी शाळेत गेला. पुढची वीस वर्षं त्याने मधल्या फळीत काढली. त्याचं काम सांगायला अगदी सोपं आहे: समोरच्याकडून बॉल काढून घ्यायचा आणि जवळच्या आपल्या माणसाला द्यायचा. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, त्यात हा मागे कुठेतरी अस्पष्ट दिसतो. पाच-सहा क्लब झाले, गुडघा दोनदा उघडून झाला, एक मोसम पहिल्या श्रेणीत आणि बाकी सगळे दुसऱ्या. खेळाच्या वर्तमानपत्रात सामन्यानंतर प्रत्येकाला दहापैकी गुण देतात. जिल्दासला पाच. ऊन असो, बर्फ असो, पाच.

“शाळेतही काठावरच असायचा,” आई म्हणते, “पण नापास होऊन कधी घरी आला नाही.”

शनिवारी त्याचा फोन आला होता.

“आई तुझ्याकडे आल्यापासून बाबांचं घर रिकामंच आहे ना गं?”

“उंदीर सोडले तर.”

“जूनमध्ये माझा करार संपतोय. नवा आता कुणी देणार नाही. परत यावं म्हणतो. कायमचं.”

“मग ये की. विचारतोस काय?”

“उद्या तुम्हाला हरवलं, तर राहू देतील का मला?”

आणि मग हसला. पण प्रश्न आधी आला होता, हसू मागाहून. लहानपणी त्याचं नाक मी पुसलं आहे, मला एवढं कळतं.

“मुद्दाम हरलास तर?” मी म्हटलं.

“मग मलाच इथे राहवणार नाही. कुणाला सांगू नकोस, आनिक.”

मी फक्त आईला सांगितलं. आईने फक्त बेकरीवालीला सांगितलं. रविवारी सकाळी अख्खं गाव पाव घेऊन घरी गेलं तेव्हा ही बातमी पावाबरोबर घरोघरी पोचली होती.

सामना सुरू झाला. चिखल आमच्या बाजूने होता. पाहुण्यांची देखणी पोरं घसरत होती, आमची मात्र आठवडाभर गोठ्यात आणि शेतात वावरलेली, ती ताठ उभी. कॉर्नर मिळाला आणि ग्वेन्दालने डोक्याने बॉल आत घातला. ग्वेन्दाल गावचा प्लंबर, जिल्दासचा जिवलग. मी आनंदात एक धिरडं पालथं टाकलं ते थेट माझ्या बुटावर.

“आई, बघितलंस?”

“मी माझ्या पोराला बघतेय,” आई घडीच्या खुर्चीतून म्हणाली. “कान लाल झालेत त्याचे. टोपी घालून खेळता येत नाही का यांना?”

शेवटी शेवटी पाहुण्यांनी बरोबरी केली. जिल्दासने बॉल काढला, जवळच्याला दिला, त्याने पुढच्याला, आणि गोल. टाळ्या पुढच्याला. मग थेट पेनल्टी, पाच-पाच. चार-चार झाले. आमची पाचवी ग्वेन्दालची होती. ती खांबावर आपटून परत आली. ग्वेन्दाल तिथेच चिखलात खाली बसला.

त्यांची पाचवी कोण मारणार? त्यांची तरणी पोरं स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. जिल्दास पुढे झाला.

ज्या गोलवर पेनल्टी चालल्या होत्या, त्याच्या डाव्या हाताला स्मशानभूमीची भिंत आहे. लहानपणी डावीकडे चुकलेला बॉल भिंतीपलीकडे जायचा आणि पाद्री तो जप्त करायचे. म्हणून जिल्दास आणि ग्वेन्दाल दोघेही कायम उजव्या कोपऱ्यात मारायला शिकले, जमिनीलगत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ग्वेन्दालने बसल्या जागेवरून आमच्या गोलकीपरकडे, दुधाचा टँकर चालवणाऱ्या रेमीकडे पाहिलं आणि उजव्या कोपऱ्याकडे मान हलवली. जिल्दासने ते पाहिलं. त्याने पाहिल्याचं आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आता डावीकडे मारायचा. कुणीही तेच केलं असतं.

त्याने उजवीकडेच मारला. होता नव्हता तो सगळा जोर लावून, जमिनीलगत. रेमीने नेमकी तिकडेच उडी घेतली. बोटं लागली. बॉल बोटांवरून सरकला आणि जाळीत गेला.

मैदानभर फक्त माझ्या तव्यावरचं लोणी चरचरताना ऐकू येत होतं.

“म्हातारे, तुझ्यामुळे हरलो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मी काय केलं?” आई म्हणाली.

“याला जन्माला घातलंस.”

“ते काम काही मी एकटीने केलं नव्हतं.”

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी. मग लोक सवयीने टपरीकडे वळले. हरल्यावर भूक जास्त लागते, हा माझा धंद्यातला अनुभव.

रांग चांगली लांब झाली होती तेव्हा जिल्दास आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात क्लबचं जाकीट, मागे रस्त्यावर बस चालू ठेवून ड्रायव्हर वाट बघत होता. दोन-चार माणसं बाजूला सरून त्याला वाट द्यायला लागली, एखाद्या साहेबाला देतात तशी. जिल्दासचा चेहरा उतरला. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

“ए,” रांगेच्या शेवटी उभा असलेला ग्वेन्दाल मागे न बघता म्हणाला, “शेवटी जाऊन उभा राहा. इथे सगळेच उपाशी आहेत.”

जिल्दास त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. बाजूला सरलेली माणसंही परत आपापल्या जागी आली.

“रेमीची बोटं सुजलीत,” थोड्या वेळाने ग्वेन्दाल म्हणाला.

“जोरातच मारला.”

“दिसलं ते.” मग आणखी थोड्या वेळाने, “तुझ्या बापाच्या घरातले नळ सगळे सडलेत. जूनमध्ये येऊन माझ्या नावाने शंख करू नकोस. आधीची कामं पडलीत माझ्याकडे. थांबावं लागेल.”

“थांबेन की,” जिल्दास म्हणाला.

रांग एक पाऊल पुढे सरकली. रस्त्यावर बसने एकदा हॉर्न दिला. जिल्दास हलला नाही. मी पळीभर पीठ तव्यावर पसरलं, तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.