सोजराबाईच्या नावावर नारायणरावांचं रक्त

मित्रांनो, माझ्याकडं बघून नाक मुरडू नका. मी जुनी आहे, रंग उडालेली आहे, झाकणाला चिकटपट्टी लावलेली आहे, पण अजून फिरते. दवाखान्यात मला सेंट्रिफ्यूज म्हणतात, गावात रक्ताची चक्री.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. तिथून गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात बसून मी बुलढाणा जिल्ह्यात आले आणि वीस वर्षं राबले. रक्ताच्या नळ्या माझ्या पोटात ठेवायच्या आणि दहा मिनिटं फिरवायच्या. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सीरम म्हणतात. पुढची तपासणी त्या पाण्याची होते.

मग बटणांची नवी मशीन आली आणि मला कोठीत मोडक्या खाटेखाली ढकललं. तीन वर्षं! पालीनं माझ्यात अंडी घातली. ज्यांची रक्तं फिरवली त्यांतलं कोणी विचारायलासुद्धा आलं नाही. त्याचा राग मला आजही आहे, लपवत नाही. पण नवी मशीन खेड्यातल्या विजेच्या झटक्यानं जळाली, आणि डॉक्टर संघपाल व रक्त काढणाऱ्या रेणुकाताई मला शोधत आले. ताईंनी मला पुसलं, बटण दाबलं. मी फिरले!

"सर, म्हातारी धावून राह्यली पाहा!" ताई ओरडल्या. त्या दिवशी मी इतकी खूश होते की टेबलसुद्धा हललं.

आमचं काम नवीन होतं. शेतातली ठिबक सिंचनाची नळी उन्हात वर्षानुवर्षं पडली की कशी कडक होते, तशा माणसाच्या धमन्याही वयानं ताठरतात. काहींच्या फार लवकर. ते होताना दुखत नाही, खुपत नाही; एके दिवशी माणूस आडवा होतो तेव्हाच कळतं. रक्तात त्याच्या काही खुणा आधीच दिसतात का, हे डॉक्टर तपासत होते. "खुणा म्हणजे ज्योतिष नव्हे," ते सगळ्यांना सांगायचे. "शंका आली तर पुढची तपासणी करायची."

दुसरबीडच्या पुढं, रस्त्यापासून आत एक गाव आहे. तिथल्या शाळेत आमचं शिबिर भरलं. गावच्या सरपंच सोजराबाई. कागदावर! ग्रामसभेत बसणार त्यांचे पती नारायणराव, झेंडा फडकवणार नारायणराव, सत्काराची शाल घेणार नारायणराव. अख्खं गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटतं. शंभर वेळा वाटतं.

यादीत पहिलं नाव सोजराबाईंचं होतं. त्या तेव्हा शिबिराच्या पाहुण्यांसाठी भाकरी थापत होत्या. शिपायानं पुकारलं, "एक नंबर, सरपंच!" नारायणराव ऐटीत येऊन खुर्चीवर बसले आणि बाही वर केली. रेणुकाताई गावात नवीन, नळीवर फक्त आकडा. त्यांनी रक्त काढलं. बीपी मोजायला थांबा म्हटलं, तर हे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत निघून गेले. ती नळी मी फिरवली. मला तोंड नाही, नाहीतर तिथंच बोंब मारली असती.

दहा दिवसांनी कागद आला. सोजराबाई, वय अठ्ठेचाळीस, खुणा वाईट, धमन्या ताठरल्याची शंका, लवकर दाखवा.

नारायणराव हादरले. बायकोवर जीव होता हो त्यांचा, खोटं कशाला बोलू! त्यांनी तिचं मीठ बंद केलं, पापड-लोणचं बंद केलं, आणि तिच्या वाटचे पापड स्वतः खाल्ले. पंधरा दिवसांनी तिला घेऊन ते आमच्याकडं दवाखान्यात आले. पायऱ्या तीनच, पण दाराला टेकून धापा टाकत होते.

डॉक्टरांनी सोजराबाईंच्या दंडाला आणि पायाला पट्टे बांधले, ताठर धमनीत नाडीची लाट जोरात धावते, तो वेग मोजला. पुन्हा मोजला. "ताई, तुमच्या धमन्या तर छान लवचीक आहेत. मग तो कागद कसा आला? मागच्या वेळी कोणत्या हातातून रक्त घेतलं होतं?"

"माह्यं?" सोजराबाई म्हणाल्या. "मी त तवा चुलीपाशी होती. मले कोणं सुई टोचली?"

सोजराबाई हळूहळू दाराकडं वळल्या. "काऊन हो? तुमी बसले होते काय माह्या नंबरावर?"

"पुकारलं सरपंच म्हून... बसलो," नारायणराव पुटपुटले. "आपलं घर एकच हाय न."

"घर एक असन काका," रेणुकाताई म्हणाल्या, "नसा त दोघांच्या वेगळ्या हायेत न!"

सोजराबाई आधी हसल्या, पदर तोंडाला लावून खूप हसल्या. "पंधरा दिवस मले अळणी खाऊ घातलं या माणसानं!" आणि मग एकदम वळून नवऱ्याकडं नीट बघितलं. त्या कागदावरच्या ओळी कोणाच्या होत्या, ते त्यांना कळलं होतं.

"बसा इथं," त्या म्हणाल्या. नवऱ्याला असा हुकूम त्यांनी पहिल्यांदाच दिला असावा. तो बसला. बीपी दोनशेच्या वर. डॉक्टरांनी ताजं रक्त घेतलं, मी फिरवलं, त्याच खुणा निघाल्या.

"वेळेत सापडलं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या रोज. खर्रा बंद. मीठ कमी. संध्याकाळी पाचला तासभर चालायचं."

"पाचले कसं जमन?" नारायणराव म्हणाले. "पाचले पंचायतीची बैठक राहते."

"तुमी चालाले जा," सोजराबाई म्हणाल्या. "बैठकीले मी हाय."

मित्रांनो, चार महिने झाले. नारायणराव रोज शेताच्या बांधापर्यंत चालतात, बीपी उतरलं आहे, पायऱ्या न थांबता चढतात. आणि पंचायतीच्या खुर्चीवर निवडून आलेली बाई बसते.

आता तुम्हाला स्पष्ट सांगते. घरी जा आणि आईला विचारा, तुझं रक्त शेवटचं कधी तपासलं? "मले काय झालं?" असं ती म्हणेल. तरी हात धरून आणा. वडिलांनाही आणा, पण ज्याचं नाव, त्याचीच बाही वर झाली पाहिजे. मी टेबलावर आहे, पुसलेली आहे, मला पुन्हा खाटेखाली ढकलू नका. आणि सकाळी येताना पोहे खाऊन येऊ नका, आधीच सांगते!