तीन शिट्ट्यांची परवानगी

माझा स्वभाव फटकळ. भांडायला शब्द शोधावे लागत नाहीत, आभार मानायची वेळ आली की मात्र जीभ अडखळते. म्हणून हे लिहून टाकते.

फेब्रुवारी २००९. दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबत होत्या. एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्या ह्यांची, चारुदत्तची, नोकरी गेली. व्हिसा मार्चअखेरपर्यंत ठेवायला कंपनी तयार झाली, पण इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट कंपनीचा, तो आठ दिवसांत रिकामा करायचा होता. आणि आमच्या सृष्टीची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, सेंटर शारजात. पुण्याला परतलो तर पोरीचं वर्ष बुडणार. राहायचं म्हटलं तर कुठे? ओळखीपाळखीचे सगळे स्वतःच बॅगा भरत होते.

ह्यांना पार्किनसाहेब आठवले. आठवले पहिल्याच दिवशी होते, बोलायची लाज वाटत होती. उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर ह्या म्हाताऱ्या इंग्रजाचा बारा लाकडी खोल्यांचा हॉलिडे कॅम्प होता. तो पाडून तिथे टॉवर बांधायचा म्हणून मोजमापं घ्यायला कंपनीनं पाठवलं होतं ते ह्यांनाच. म्हातारा टेपचं दुसरं टोक धरायचा आणि वर चहा पाजायचा. मग मंदी आली आणि टॉवर बारगळला. आमचं घर ज्या धक्क्यानं गेलं, त्याच धक्क्यानं त्याचा कॅम्प वाचला.

"ज्याचं घर पाडायला गेलो, त्याच्याकडेच आसरा मागू?" हे म्हणाले.

"तुम्ही नका मागू. मी मागते," मी म्हटलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मग लाज तरी कशाला हवी?

पार्किनसाहेबांनी माझं अर्धंच ऐकून घेतलं. "सात नंबर रिकामी आहे," ते म्हणाले. "चारू, आमचा पाण्याचा पंप रुसलाय, तेवढा बघ." बस्स. मी तोंडपाठ करून आणलेलं इंग्रजी भाषण तसंच घशात राहिलं.

स्वयंपाकी हनीफ दापोलीचा, पंचवीस वर्षं तिथेच. त्यानं आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. जेवणाच्या हॉलमध्ये जुने फोटो होते. इंग्लंडात नॉरफकच्या किनाऱ्यावर साहेबांच्या वडिलांचा असाच कॅम्प होता, आधी तंबूंचा, मग लाकडी खोल्यांचा. "मोठ्या कॅम्पांत सकाळपासून लाउडस्पीकर, स्पर्धा, नाचगाणी," हनीफ सांगू लागला. "ज्यांना तो गोंगाट नको, ते ह्यांच्याकडं यायचे. मास्तर, कारकून, विधवा बाया. समुद्र बघायचा, वाचायचं, झोपायचं. पुढं लोक विमानानं स्पेनला जायला लागले नि कॅम्प बंद पडला. साहेब नोकरीला इकडं आले, तवा ही फळी तेवढी घेऊन आले."

फळी काळपट, हातभर रुंद. वर मोठ्या अक्षरांत: दुपारी दोन ते चार शांतता. खाली ब्रशनं रंगवलेल्या ओळी. बार्लो, १९४७, ओरडणे. मिसेस टटल, १९५१, बाळाचे रडणे. कुणाचा खोकला, कुणाचं व्हायोलिन. मी पुण्याची. पाटी दिसली की तिच्यात कुणाचा तरी अपमान केलेला असणार हे मला न वाचताच कळतं. शांतता मोडणाऱ्यांची नावं साठ-साठ वर्षं टांगून ठेवणारा हा माणूस! खोलीवर गेल्यागेल्या मी सृष्टीला बजावलं, दोन ते चार चप्पलसुद्धा वाजवायची नाही.

खोलीत स्वयंपाकालाही मनाई होती, लाकूड ना. आम्ही हनीफच्या हातचं उकडलेलं जेवत होतो. पण पहिल्या पेपरच्या आधीच सृष्टीचं पोट बिघडलं. "आई, आय कान्ट ईट धिस," म्हणून ताट सरकवायची. पहिला पेपर अर्ध्या उपाशीपोटी दिला. दुसऱ्या पेपरला परीक्षेच्या हॉलमध्ये तिला भोवळ आली, असं सुपरवायझरनं फोन करून कळवलं. पुढे गणित होतं.

गणिताच्या दिवशी मी पलंगाखालून इलेक्ट्रिकची शेगडी काढली. मूगडाळ, तांदूळ, हळद, हिंग, कुकर. पोरगी अडीच-पावणेतीनला येणार, आल्याआल्या पुढ्यात गरम खिचडी हवी. शिट्टी व्हायच्या आत बटण बंद करायचं, असा माझा हिशेब. घरी गॅसवर ते जमतं. पण शेगडीची कॉइल बटण बंद केल्यावरही तापलेलीच राहते, हे मी विसरले.

बरोबर अडीचला त्या चिडीचूप किनाऱ्यावर माझ्या कुकरनं शिट्टी मारली. पलीकडे कुणाची तरी खिडकी उघडली. मी कुकर उचलायला गेले, बोटं भाजली.

दारात पार्किनसाहेब. पायजम्यावर, केस उभे.

मला वाटलं, झालं. आता फळीवर आमचं आडनाव, कर्णिक, २००९. आणि उद्या पोरीला घेऊन बॅगांवर बसायचं. भीती वाटली की मी आवाज चढवते, तसा चढवला. "माझी मुलगी आजारी आहे! नाव लिहायचं तर लिहा, पण परीक्षा होईपर्यंत घालवू नका!"

त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. "हे शिजायला किती शिट्ट्या लागतात?"

"तीन," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"मग एकीवर का थांबवलीत?" त्यांनी कुकर फडक्यात धरून हनीफच्या स्वयंपाकघरात नेला, कारण आगीचा नियम मात्र पक्का होता. तिथे गॅसवर आणखी दोन शिट्ट्या होईपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले.

संध्याकाळी फळीवर ओली ओळ होती. कर्णिक, २००९, तीन शिट्ट्या.

मी रडायलाच लागले. हनीफ गोंधळला. "अवो वहिनी, रडताय कशापायी? ही परवानगी हाय. बार्लो लढाईवरून आलेला, झोपेत ओरडायचा. बायको त्याला घेऊन परत निघाली, तर साहेबांच्या वडलांनी फळीवर लिहिलं, ह्याला ओरडायला मुभा. ज्याला जे आवरत नाय, ते हितं लिवायचं. बाकीचे वाचतात नि कूस बदलून झोपतात."

मी साठ वर्षांची माया शिक्षा म्हणून वाचली होती.

उरलेले सगळे पेपर सृष्टीनं गरम वरण-भात, खिचडीच्या जोरावर दिले. रोज अडीचला तीन शिट्ट्या झाल्या, एकाही खिडकीतून कुणी डोकावलं नाही. मार्चअखेरीस आम्ही पुण्याला निघालो. सामानाचं वजन जास्त झालं म्हणून कुकर हनीफला दिला. पार्किनसाहेबांना मी फक्त "थँक्यू" म्हणाले. तेही टॅक्सीत बसता बसता.

सृष्टी इंजिनीअर झाली आणि २०१७ मध्ये नोकरीला अबू धाबीला गेली, खलिफा सिटीत राहते. त्याच वर्षी मार्चमध्ये तिच्याकडे गेले, तेव्हा पहिल्या सुट्टीला तिला कॅम्पवर न्यायला लावलं. आठ वर्षं मनात घोळवलेलं बोलायचं होतं.

उशीर झाला. साहेब आदल्याच वर्षी गेले होते. कॅम्प आता त्यांची पुतणी बघते. हनीफ पांढरा झाला होता, पण ओळखलं त्यानं. "बसा वहिनी. जेवूनच जायचं."

दुपारचे सव्वादोन. सगळीकडे सामसूम. फळी जागेवर होती. आमच्या ओळीखाली नव्या दोन ओळी आल्या होत्या, पण आमची पुसलेली नव्हती. आत गॅसवर माझा कुकर होता. एका कानापाशी पोचा, तो माझ्याच हातून पडलेला.

"साहेब सांगून गेलेत," हनीफ हळू आवाजात म्हणाला. "मार्च महिना लागला की अडीचला डाळ लावायची. कर्णिकांची मुलगी पेपर देऊन येत असंल."

सृष्टीनं माझा हात धरला. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. बाहेर एकही खिडकी वाजली नाही. तिसरी झाली, आणि हनीफनं गॅस बंद केला.