लाम काकांच्या माघारी

मंगळवारची तालीम सध्या बंद आहे, असं मंडळातल्या तरुण पुइ-शानने फोनवर सांगितलं तेव्हाच लाम काकांना शंका आली. अमेरिकेतल्या ओकलंडच्या चायनाटाऊनमधल्या त्या ऑपेरा मंडळात काकांनी लाकडी ठोकळ्यावर ताल धरण्यात अर्धं आयुष्य घातलं होतं. मंगळवारी सुट्टी कधी झाली नव्हती.

त्यात दुपारी भाजी आणायला गेले, तर सारंगीवाला टाम समोरून आला, पाठीला सारंगी. काकांना बघताच तो बेकरीत शिरला. मधुमेही माणूस आणि बेकरीत! काकांचं डोकंच फिरलं.

काय शिजतंय ते त्यांनी ओळखलं. हिवाळ्यात बसथांब्यावर एकाने ‘चालते व्हा आपल्या देशात’ म्हणत काकांच्या बायकोला, युएट-हिंग काकूंना, ढकललं, डोकं फुटपाथवर आपटलं. काकू वाचल्या, पण शब्द जिभेवर यायला वेळ लागू लागला. मंडळाच्या ऑपेरातली राणी त्याच. आता मंडळ निषेध म्हणून त्याच थांब्यावर गाणार होतं. म्हणजे नवी राणी हवी, आणि पुइ-शानचा गळा गोड होताच. काकूंच्या नावाने गर्दी जमवायची, त्यांचीच जागा बळकावायची, वर कॅमेऱ्यासमोर डोळे पुसायचे! आणि इकडे काकू रोज दुपारी न्हाणीघरात नळ सोडून, दार लावून बसत. रडतच असणार, दुसरं काय?

काका तडक मंडळाच्या जिन्यात जाऊन उभे राहिले. आत राणीच्या निरोपाचा प्रवेश चालला होता, पण ताल अगदी रांगत होता. सारंगी एक सूर ताणायची, थांबायची, मग पुढे सरकायची. नवशिकेसुद्धा इतकं रडतखडत वाजवत नाहीत. त्यांनी दार ढकललं.

राणीच्या जागी कुणीच नव्हतं. पुइ-शान काकांच्या स्टुलावर बसून ठोकळा वाजवत होती.

“माझ्या बायकोची जागा कुणाला दिलीत?”

टाम खाली बघू लागला. पुइ-शानने काड्या ठोकळ्यावर ठेवल्या.

“कुणाला नाही, काका. काकूच गाणार आहेत. एकेक ओळ म्हणायला त्यांना आता किती वेळ लागतो, ते रोज फोनवर म्हणून दाखवतात. तेवढं हळू वाजवायला शिकतोय आम्ही.”

“मग माझ्यापासून लपवलंत कशाला?”

“काकूंनीच बजावलं होतं. म्हणाल्या, म्हातारा रडत बसेल, मग माझ्याच्यानं गाणं व्हायचं नाही.”

 काकांनी ठोकळ्यावरच्या काड्या उचलून खिशात घातल्या आणि ते घरी आले.

न्हाणीघराचा नळ चालूच होता. पाण्याच्या आवाजाखाली एक ओळ अडखळत पुढे जात होती. काका दाराशी जमिनीवर बसले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी वाहू दिलं, आणि काडीने चौकटीवर ताल धरला, जितका हळू जमेल तितका.

ओळ थांबली. मग आतून नळ बंद झाला, आणि काकूंनी पहिल्यापासून सुरुवात केली.