टेपचं दुसरं टोक

“पांडवलेण्यात काय काम असतं तुमच्या पोरीचं?”

कारखान्याच्या बसमधून उतरून कोंडाजी पगारे वसाहतीच्या नळापाशी आला, तेव्हा शेजारच्या सुलाबाईने हंडा बाजूला सारून हे विचारलं. आवाज मुद्दाम बारीक केला होता. पण रांगेतल्या बाकीच्या बायांना ऐकू जाईल, इतपतच बारीक.

“कोणी पाह्यलं?”

“माझ्या जावयानं. अन् एकटी नव्हती म्हणे. कोपऱ्यावरच्या खोलीत तो मालेगावचा भाडेकरू ऱ्हातो ना, भिकन, तो संगं होता. मी आपलं कानावर घातलं. उगा उद्या म्हणाल, सुलाबाईला ठाऊक होतं अन् बोलली नाय.”

कोंडाजीने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि तो घराकडे वळला.

घरात त्याची मुलगी विशाखा फरशीवर बोर्ड टाकून ओणवी बसली होती. तिची बारावी झाली होती आणि तिला आर्किटेक्चरला जायचं होतं. तिथे नुसते मार्क पुरत नसत. स्वतः काढलेल्या चित्रांचा पोर्टफोलिओ न्यावा लागे आणि तो समोर ठेवून मुलाखत होई. वर्षभर ती दिसेल ते काढत होती: सरकारवाड्याचे लाकडी खांब, गोदाघाटाच्या पायऱ्या, तांबट आळीतली एकमेकींना खेटलेली घरं, वसाहतीतल्या नळावरची रांगसुद्धा. दोन जाड पुठ्ठ्यांना कापडाची पट्टी चिकटवून तिने पोर्टफोलिओही घरीच केला होता.

“लेण्यात कोण होतं संगं?” कोंडाजीने चपला काढायच्या आधीच विचारलं.

“भिकनभाऊ,” ती मान वर न करता म्हणाली.

इतक्या सरळ उत्तराने तो जास्तच बिथरला. खोटं बोलली असती, तर पकडता आलं असतं.

“कशाला?”

“मापं घ्यायला. टेपचं एक टोक मी धरलं, तर दुसरं कोणी धरायचं? तुम्हाला मागच्या रविवारी म्हटलं होतं, दादा, चला म्हणून. तुम्ही म्हणालात, झोपू दे.”

चुलीशी बसलेली तिची आई, विठाबाई, म्हणाली, “म्हणली होती ती. माझ्यासमोर म्हणली होती.”

“तू गप ऱ्हाय,” कोंडाजी म्हणाला.

तो ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्याच्या कामावर होता. संध्याकाळी गेटवर सगळ्यांसारखाच तोही डबा उघडून दाखवी, खिसे बाहेर काढून दाखवी. त्याचं त्याला काही वाटत नसे. मोठा कारखाना म्हटल्यावर ते आलंच. पण त्याच्याही आधी, निफाडकडून तो शहरात आला तेव्हा खोल्या दाखवणारे लोक आडनाव ऐकलं की गोड हसून म्हणत, “अरेरे, कालच गेली बघा खोली.” तेव्हापासून त्याने एक गाठ मारून ठेवली होती, की माणूस बोलतो ते खरं नसतं, खरं त्याच्या मागे असतं. दूधवाल्याच्या मापात तो वाकून बघायचा. कुलूप लावून पुन्हा ओढायचा. बायकोने सांगितलेली गोष्ट मुलीला विचारायचा आणि मुलीने सांगितलेली बायकोला.

त्याच संध्याकाळी तो भिकनच्या खोलीवर गेला. भिकन एका इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेसर होता. साहेबाच्या नकाशावर पातळ कागद टाकायचा आणि रेघेवरून शाईची रेघ ओढायची, हे त्याचं काम. खिडकीत शाईच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. कोंडाजीने आधी त्या बाटल्यांकडे पाहिलं, मग भिकनकडे.

“माझ्या पोरीला काय काढून देतो तू?”

भिकन उठून उभा राहिला. “काका, मी काय काढून देणार? मी दुसऱ्याच्या रेघेवरून चालणारा माणूस. ती तर डोक्यातून काढते. मी फक्त टेप धरला.”

“परत संगं दिसला, तर सामान रस्त्यावर येईल तुझं.”

भिकनने महिनाही पुरा केला नाही. खोली सोडून तो सातपूरकडे निघून गेला. वाद नको म्हणून गेला असेल, असं विठाबाई म्हणाली. कोंडाजीचा संशय मात्र त्याने पक्काच झाला. काही नव्हतंच, तर पळाला कशाला?

मग एका रविवारी विशाखा दळण आणायला गेलेली असताना त्याने कॉटखालचा पोर्टफोलिओ ओढला. खांब, पायऱ्या, घरं ही चित्रं त्याला ओळखू आली. तिची शाळेपासूनची पेन्सिल तशीच होती. पण शेवटची शीट निराळी होती. सुरीने डोंगर मधोमध कापावा तसं लेणं दाखवलं होतं. आत भिक्खूंच्या खोल्या, प्रत्येक खोलीत निजायचा दगडी ओटा, आणि सगळं काळ्या शाईत, केसासारख्या बारीक रेघांनी. कारखान्यात टेबलावर येणारी ड्रॉइंगं अशी असत. ही रेघ आपल्या घरातली नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने शीट होती तशी आत सरकवली आणि कोणालाच काही विचारलं नाही. त्याच्या बाबतीत हे नवीन होतं.

मुलाखत नाशकातच, नव्याने निघालेल्या एका कॉलेजात होती. व्हरांड्यात बाकीच्या मुलांचे पोर्टफोलिओ चामड्याचे, चेन लावलेले. विशाखा आपले पुठ्ठे छातीशी धरून उभी होती. कोंडाजीने लग्नातला कोट घातला होता आणि तो काखेत काचत होता. मुलाबरोबर पालकांनाही आत बोलवत होते.

टेबलामागे दोन साहेब आणि एक बाई. बाईंनी चित्रं एकेक करून पाहिली. “या घरांना खालच्या मजल्यावर खिडक्या कमी का दाखवल्यास?”

“तिथे भट्टी असते. तांबं ठोकतात. उजेडापेक्षा त्यांना भिंत लागते, भांडी टांगायला,” विशाखा म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. नळावरच्या रांगेचं चित्र पाहून त्या हसल्याही. कोंडाजीची पाठ जरा सैल झाली. मग लेण्याची शीट वरती आली आणि चष्मेवाल्या साहेबांनी ती आपल्याकडे ओढली.

“हे कोणी काढलं?”

“मी.”

“शाईही तूच केलीस?”

“हो सर.”

साहेबांनी नावाच्या कागदाकडे पाहिलं. “पगारे. बरं. घरी कोणी ड्राफ्ट्समन आहे?”

“नाही.”

“वडील कुठे असतात?”

“ओझरला. कारखान्यात.”

“अच्छा,” म्हणून साहेबांनी दुसऱ्या साहेबांकडे पाहिलं. त्या ‘अच्छा’मध्ये काय आहे, ते कोंडाजीला ताबडतोब कळलं. असे ‘अच्छा’ त्याने जन्मभर ऐकले होते.

“सर, माझ्या ड्युटीचा अन् ह्याचा काय संबंध नाय,” तो म्हणाला. “मी पत्र्यावर रिव्हेट मारतो.”

“मग तुम्हीच सांगा पगारे,” साहेब शांतपणे म्हणाले. “बाहेरून करून आणलेली कामं आमच्याकडे रोज येतात, म्हणून विचारावं लागतं. ही शीट काढताना तुम्ही मुलीला पाहिलंय?”

विशाखाने वडिलांकडे पाहिलं. तिच्या नजरेत काळजी नव्हती. उत्तर ठरलेलंच आहे, अशा खात्रीने ती पाहत होती.

कोंडाजीच्या डोळ्यांपुढे खिडकीतल्या शाईच्या बाटल्या आल्या. पंखा फिरत होता, आणि टेबलावरच्या शीटचा कोपरा उडून पुन्हा खाली बसत होता.

“मी... ड्युटीवर असतो साहेब,” तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली आणि शीट बाकीच्या चित्रांवर ठेवली. विशाखाने चित्रं गोळा केली, कडा जुळवल्या, पुठ्ठे मिटले. “येते सर,” म्हणाली आणि बाहेर पडली. रस्ताभर ती त्याच्या चार पावलं पुढे चालत होती.

यादीत तिचं नाव आलं नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. बीएस्सीला नाव घातलं, कॉलेजात जाऊ लागली, घरातली कामं करू लागली. दादा हाक मारत तेव्हा ‘ओ’ देत होती. फक्त आपण होऊन त्यांना काही सांगणं तिने बंद केलं. आधी जेवताना ती काय काय सांगायची. आता ताटापुढे विठाबाईच एकटी बोलत राही.

दिवाळीनंतर कोंडाजीला ताप आला आणि तो भरदुपारी घरी परतला. दार नुसतं लोटलेलं होतं. विशाखा फरशीवर ओणवी होती. तिला चाहूल लागली नाही. डाव्या हाताने पट्टी दाबून तिने श्वास रोखला आणि शाईचं पेन कागदावर टेकवून ओढलं. टोकाला पेन उचललं, मग श्वास सोडला. पुन्हा पट्टी सरकवली, पुन्हा श्वास रोखला. कागदावर केसासारखी रेघ होती. मग दुसरी. तिसरी. कोंडाजी अंगात ताप घेऊन दारात उभा राहिला. त्याला आत जाववेना आणि परतही फिरवेना. शेवटी तिचंच लक्ष गेलं.

“दादा? लवकर आलात? बरं नाही का?”

“ताप हाय जरा,” एवढंच तो म्हणाला.

बरा झाल्यावर तो एका रविवारी सकाळीच आंघोळ करून बसला. “कुठं माप घ्यायचं असंल तर चल. मी धरतो टेप.”

विशाखाने आईकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. दोघं भद्रकालीतल्या एका जुन्या धर्मशाळेत गेली. तो ओसरीच्या कडेला उकिडवा बसून टेपचं टोक दगडाशी दाबून धरी. ती लांबून म्हणे, “ताणून धरा दादा, पोटात ढिला पडतोय.” तो ताणून धरी. त्यानंतर बरेच रविवार तसे गेले. मापांखेरीज दोघांत बोलणं होत नसे.

जूनमध्ये पुण्याच्या कॉलेजाचं बोलावणं आलं. कोंडाजीने रजा टाकली, कोट काढून उन्हात घातला. विशाखाने तो दोरीवर पाहिला.

“दादा, मी एकटी जाईन,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तिथे पालकांना बोलवत नाहीत.”

खरं होतं की नाही, कोण जाणे. त्याने विठाबाईला विचारून पाहिलं नाही. तो एसटी स्टँडपर्यंत गेला, खिडकीतून पोर्टफोलिओ आत दिला आणि गाडी निघेपर्यंत उभा राहिला.

तिला पुण्यात प्रवेश मिळाला. बातमी तिने घरात शिरता शिरता आईला सांगितली. कोंडाजीने ती बाहेर ओट्यावर बसल्या जागी ऐकली.

दुसऱ्या संध्याकाळी कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणारा रंगनाथ पेढे घेऊन आला. ‘जय भीम’ म्हणत तो खुर्चीवर टेकला आणि दाराकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला.

“कोंडाजी, आता मला तरी खरं सांग. वशिला कोणाचा लावला? अन् चित्रं कोणाकडून करून घेतली? माझा पुतण्या बसतोय पुढल्या साली, म्हणून विचारतो.”

“कोणाचा वशिला नाय,” कोंडाजी म्हणाला. “तिनं काढली सारी. मी पाह्यलंय काढताना.”

रंगनाथ हसला. “बरं बाबा. नको सांगू.”

“मी पाह्यलंय,” कोंडाजी पुन्हा म्हणाला, या खेपेला जरा मोठ्याने.

आत विशाखा चहा ठेवत होती. स्टोव्ह भरभरत होता. तिला ऐकू गेलं की नाही, ते त्याला कळलं नाही. ती दोन कप घेऊन बाहेर आली, एक रंगनाथपुढे ठेवला, एक त्याच्यापुढे, आणि “काका, साखर बघा,” म्हणून आत गेली.