सरांचे ओठ

वाचताना एखादं मूल अडखळलं, की सरांना राहवायचं नाही. पोर "पा… पा…" करत कावरंबावरं झालं, की हे लगेच "पाखरू" म्हणून मोकळे. साऱ्या शाळेत त्यांच्याइतका मायाळू मास्तर नव्हता, आणि ही गोष्ट सरांनाही चांगली ठाऊक होती. घोडं पेंड खात होतं ते तिथंच.

वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शिक्षकांना मदत करायला त्या वर्षी एक मॅडम येत. वयानं सरांच्या लेकीएवढ्या. मागच्या बाकावर बसून तास बघायच्या आणि मग स्टाफरूममध्ये चहा घेता घेता काय ते स्पष्ट सांगायच्या.

"सर, उतारा आधी तुम्ही वाचून दाखवता, मग दोघं मिळून वाचता, ते झकास. पण ती एकटी वाचते तेव्हा गप्प बसा ना. अडली तर अडू द्या. मनातल्या मनात पाच आकडे मोजा."

"पाच? अहो मॅडम, तेवढ्यात पोरीचा जीव जाईल."

"तिचा नाही जात, सर. तुमचा जातो."

सर हसले आणि त्यांनी ते पाच आकडे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिले. कालची पोर आपल्याला शिकवणार, असं काहीसं त्यांच्या मनात आलं होतं. नंतर त्यांना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

'ती' म्हणजे बिट्टी. एरवी तोंडाचा पट्टा चालू, पण पुस्तक उघडलं की तोंडात मिठाची गुळणी. वर्षअखेरीस अनोळखी उतारा वाचता आला नाही तर तिला त्याच वर्गात ठेवणार, हे तिच्या आईला सांगून झालं होतं. म्हणून सर शाळा सुटल्यावर रोज तिला समोर घेऊन बसायचे. शब्द सांगायचा नाही, एवढं मॅडमचं त्यांनी आपल्या परीनं पाळलं. आवाज काढायचे नाहीत, बस. आणि बिट्टी वाचायला लागली की हो! आधी ओळ, मग अख्खं पान. सरांची छाती फुगली. घरी बायकोला त्यांनी ते इतक्यांदा ऐकवलं, की तिला बिट्टीचे धडे पाठ व्हायची वेळ आली.

परीक्षा घ्यायला मॅडम समोर बसल्या आणि नियमाप्रमाणे सर मागे. उतारा नवा होता. बिट्टीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि मान वर करून मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. मॅडमचे ओठ मिटलेले. ती थांबली. मग खुर्चीतच वळून तिनं सरांना शोधलं, आणि सरांचे ओठ त्यांच्याही नकळत हलले. पहिला शब्द तिनं चटकन म्हटला.

"पुढे बघ, बाळा," मॅडम हळूच म्हणाल्या.

पुढे काहीच झालं नाही. पोर पानाकडे बघत बसली आणि सरांच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभर ही पुस्तक वाचतच नव्हती. ती त्यांचे ओठ वाचत होती.

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मीच जरा जोर लावून सांगायला हवं होतं."

घरी सरांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती ताट वाढता वाढता म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझं तरी एक वाक्य…"

"पुरं होऊ दिलंय का," सर बोलून गेले. मग त्यांनी जीभ चावली.

शाळेचा शेवटचा दिवस सरांच्या नोकरीचाही शेवटचा होता. शाळा सुटल्यावर त्यांनी बिट्टीला बसवलं आणि स्वतःच्या तोंडावर रुमाल धरला. ती दुसऱ्याच ओळीत अडली. तिनं वर पाहिलं तर रुमाल. पुन्हा पाहिलं, तरी रुमालच. सरांनी पाच मोजले, मग पुढे मोजत राहिले. डोळ्यांत पाणी आलं तरी हात खाली घेतला नाही. शेवटी तिची नजर पानावर उतरली.

"उं… उंब… उंबर… उंबरठा."

तिनं ओळ संपवली. सरांना आनंद झाला आणि त्याच क्षणी वाटलं, एवढंच तर करायचं होतं. पावसाळ्यात केलं असतं तर आज ही पुढच्या वर्गात गेली असती.

दप्तर भरताना बिट्टीला मात्र काहीच वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. "सर, मी परत याच वर्गात आहे. म्हणजे परत तुम्हीच ना?"

सरांनी रुमाल खाली घेतला. "मी… पुढच्या वर्षी मी…" आयुष्यभर सगळ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाला स्वतःचं वाक्य पुरं करता येईना.

बिट्टीनं शब्द सांगितला नाही. दप्तर मांडीवर घेऊन ती त्यांच्यासमोर बसली आणि थांबली.