जांभळ्या गोगलगायीची अंडी

बसा की जरा. चहा येईपातुर एक गोष्ट सांगतो, नळदुर्गच्या सिद्धाराम पंक्चरवाल्याची. आवडली न्हाय तर मधनंच उठून जावा, आपला राग न्हाय.

तर वैशाखाची दुपार, आन् सिद्धाराम काचेच्या टाकीत कोपरापातुर हात घालून उभा. मुठीत नासलेली, बुळबुळीत अंडी. बाहेर ट्रकवाला हाका मारतोय, ह्याला ऐकूच येईना.

हायवेला लागून त्याचं पत्र्याचं दुकान, मागं एकच खोली. एका भिंतीला खाट, खाटेवर बायको मल्लम्मा. समोरच्या भिंतीला गोगलगायींची पाण्याची टाकी. शेतातल्या मातकट न्हवं हं! पिवळ्याधमक, निळ्या, आन् एक जांभळी जोडी, लिंबाएवढी. चार वर्षांमागं हैदराबादच्या एका ड्रायव्हरनं बरणीत घालून जोड्या दिल्या, तेवढ्यावर सगळं खटलं वाढलं.

गाव हसायचं. "सिद्धाराम, शिजवून खातोस का रं ह्या?"

"लिंगायताला इचारतोस व्हय? थांब, तुझं पंक्चर आता ह्यांनाच काढाया लावतो. परवापातुर व्हईल."

मल्लम्माबी बोलायची त्याला तवा. पण पौषात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. शेजारणी बघाया यायच्या, तिचं बोलणं कळंना की तिच्या देखत सिद्धारामलाच इचारायच्या, "जेवती का? समजतंय का काय तिला?" एक दिवस मल्लम्मानं तोंडच मिटलं. चार महिने झाले, एक शब्द न्हाय. सिद्धाराम तिला घास भरवायचा, वाकडीतिकडी वेणी घालायचा, आन् रोज काहीबाही इचारायचा. ती पत्र्याकडं बघत पडायची.

चैत्रात जांभळा नर मेला. मादी तेवढी उरली. धाराशिवला शोभेचे मासे विकणारा अमरनाथ म्हणला, "काका, नर मेल्यावरबी मादी महिना-दोन महिने अंडी देती. मग जांभळा रंग संपला तुमचा. देईल ती जपा."

आता ही बया अंडी पाण्यात घालत न्हाय. पाण्याच्या वर चढून काचेला चिकटवती, गुलाबी, मक्याच्या बारक्या कणसावाणी. दरसाली बाकी रंगांची आपसूक फुटायची. औंदा हिची पहिलीच, ती उन्हानं वाळाया लागली. सिद्धारामचा जन्म गेला ट्यूब पाण्यात बुडवण्यात. कशाची शंका आली की पाण्यात घालायचं, हे त्याच्या हाडात. पाण्यातल्या जीवाची अंडी, पाणीच मागत असतील, म्हणून त्यानं ती अलगद सोडली टाकीत. वर बारके बुडबुडे आले. त्याला वाटलं, पिल्लं श्वास घ्यायलीत. चौथ्या दिवशी मुठीत ती घाण.

पंधरा दिवसांनी मादीनं परत घातली. करंगळीएवढीच.

"ही शेवटचीच समजा," अमरनाथ फोनवर म्हणला. "बुडवू नका. ओलाव्यात ठेवा."

ओलावा म्हंजे किती, ते कोण सांगणार? सिद्धारामनं एक दिवस अंडी कडक होऊ दिली, ब्लेडनं हळू सोडवली, जुन्या धोतराचं फडकं भिजवलं आन् गुंडाळाया लागला. फडक्यातनं पाणी टपटप गळतंय.

"रीऽ!"

सिद्धाराम दचकला. घरात ही दोघं कानडी बोलायची, आन् नवऱ्याला ती अशीच हाक मारायची. तरी त्यानं आधी दाराकडं बघितलं. दारात कोण न्हाय.

"साकु," मल्लम्मा म्हणली. म्हंजे पुरे. डाव्या हातानं हवेत पीळ दिला. "मट... मटकी."

"मटकी? भूक लागली व्हय?"

तिनं कपाळाला हात लावला. "पीळ. फडकं पीळ. मटकी... बांधत्यात तसं."

तवा कुठं डोक्यात उजेड पडला. मल्लम्माची मोडाची मटकी गल्लीत नावाजलेली. सणाला बाया तिच्याकडनंच बांधून न्यायच्या.

त्यानं फडकं पिळलं. "आणिक," ती म्हणली. परत पिळलं. "आणिक." शेवटी तिनं डावा हात पुढं केला, फडकं दाबून बघितलं, मान हलवली. अंडी त्यात गुंडाळून डब्यात गेली, झाकणाला फट ठिवली, आन् डबा तिच्या उशाशी. रोज तीच चाचपून बघायची. "सुकलं" म्हणली की ह्यानं चार थेंब शिंपडायचे. "लई झालं" म्हणली की फडकं बदलायचं. दुकानात गिऱ्हाईक उभं राहू दे न्हायतर जाऊ दे.

अठराव्या दिवशी सकाळी तिनं डबा उघडाया लावला. फडक्यावर मोहरीएवढे जीव, शिंगं काढून हिंडायलेले.

सिद्धाराम बोट पुढं करून मोजाया लागला.

"पोरं मोजू नयेत," ती म्हणली. सावकाश, पण सगळं.

आता टाकीत जांभळ्याच जांभळ्या झाल्यात. लोक लांबनं बघाया येत्यात. "वा काका, कमाल केली तुमी!" सिद्धाराम नुसतं खाटेकडं बोट करतो. लोक तिकडं एक नजर टाकत्यात, आन् परत त्यालाच इचारत्यात.

तुमी सोलापूरकडंच निघालाव न्हवं? नळदुर्ग वाटेतच हाय, उतरा जरा. पण एक करा. खाटेपाशी स्टूल ओढून बसा, आन् काय इचारायचं ते मल्लम्माबाईंनाच इचारा. उत्तर यायला येळ लागतो. तेवढं थांबा.